तीन सेकंद

यंदाच्या यात्रेला नातू पुण्याहून आला होता. नववीत आहे, शाळेच्या बास्केटबॉल संघात खेळतो, त्यामुळे हल्ली त्याच्या बोलण्यात बास्केटबॉलशिवाय दुसरा विषय नसतो. म्हटलं, चल, तुला आमचा खेळ दाखवतो. आणि त्याला घेऊन घाटावर गेलो.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्या जुन्नर-आंबेगावकडे बैलगाडा शर्यत म्हणजे दोन गाडे शेजारीशेजारी पळत नाहीत. चढाची धावपट्टी असते, तिला घाट म्हणायचं. एका वेळी एकच गाडा पळतो, त्याला बारी म्हणायचं. खालच्या रेषेवरून गाडा सुटला की निशाण पडतं आणि वर घड्याळ सुरू होतं. वरची रेष ओलांडली की घड्याळ बंद. अकरा, बारा, तेरा सेकंदांचा सगळा मामला. म्हणजे शर्यत दुसऱ्या गाड्याशी नाही, घड्याळाशी. दिवसभरात ज्याचे सेकंद सगळ्यांत कमी, तो घाटाचा राजा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे शर्यती बंद झाल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये परत परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानेही ती कायम केली. बैलांच्या हालांचा प्रश्न खराच आहे, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन. आज विषय घड्याळाचा आहे.

तर दुपारी एका बारीवरून वाद झाला. गाडामालक म्हणाला, निशाण आधी पडलं, आमचे सेकंद वाढले. घड्याळवाल्याने मान हलवली, निशाण बरोबर आहे. तेवढ्यात स्टेजवरच्या पाहुण्यांपैकी एकाने माइक हातात घेतला आणि जाहीर केलं, "त्यांना परत एक बारी द्या." कमिटीतली माणसं एकमेकांकडे बघत राहिली आणि बारी दिली गेली. लोकांनीही टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे टाळ्यांना काय तोटा!

नातू मात्र म्हणाला, "आजोबा, हे तर सेम म्युनिक झालं."

रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून त्याने मला मोबाइलवर ते म्युनिक दाखवलं. १९७२ च्या ऑलिंपिकचा बास्केटबॉलचा अंतिम सामना, अमेरिका विरुद्ध सोव्हिएत रशिया. १९७२ म्हणजे आमच्यासाठी दुष्काळाचं साल. खडी फोडायला माणसं रस्त्यावर होती, रेशनवर लाल मिलो मिळायचा. जगात कुठे चेंडू कुठल्या कड्यातून गेला याची खबर घ्यायला कुणाला फुरसत होती? त्यामुळे या वयात पहिल्यांदाच तो सामना पाहिला. आणि खरं सांगतो, रात्री झोप लागली नाही. का नाही लागली ते पुढे सांगतो.

आधी सामना. बास्केटबॉलचा ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा अधिकृत समावेश झाला १९३६ साली, बर्लिनला. हा खेळ शोधणारे डॉ. जेम्स नेस्मिथ तेव्हा हयात होते आणि बघायला हजर होते. १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या शाळेत त्यांनी पीच फळांच्या टोपल्या वर टांगून हा खेळ सुरू केला, नियम फक्त तेरा. बर्लिनचा अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या मैदानात, भर पावसात झाला. अमेरिकेने कॅनडाला १९-८ असं हरवलं. (त्याच बर्लिनमध्ये आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती, हेही जाता जाता सांगितलं पाहिजे.) तेव्हापासून १९७२ पर्यंत अमेरिका ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा एकही सामना हरली नव्हती. ओळीने ६३ विजय.

म्युनिकच्या त्या ऑलिंपिकवर आधीच काळी सावली पडली होती. चारच दिवसांपूर्वी अतिरेक्यांच्या हल्ल्यात अकरा इस्रायली खेळाडू आणि प्रशिक्षकांचा बळी गेला होता. खेळ एक दिवस थांबून परत सुरू झाले. बास्केटबॉलचा अंतिम सामना ९ सप्टेंबरच्या रात्री पावणेबाराला सुरू झाला, कारण अमेरिकेतल्या टीव्हीवाल्यांना ती वेळ सोयीची होती. रशियन पोरं पहिल्यापासून पुढे होती. मध्यंतराला २६-२१. शेवटची काही सेकंदं राहिली तेव्हाही ४९-४८ असे तेच पुढे. मग डग कॉलिन्स नावाच्या अमेरिकन पोराने मध्येच पास पळवला, बास्केटकडे धावला, आणि त्याला असं पाडलं की तो खांबापाशी जाऊन आदळला. घड्याळात राहिले तीन सेकंद. पोरगं डोकं धरून उठलं आणि दोन्ही फ्री थ्रो टाकले. ५०-४९. अख्ख्या सामन्यात अमेरिका पहिल्यांदा पुढे गेली ती तेव्हा.

इथून पुढे गंमत सुरू होते, म्हणजे ज्यांचं काही गेलं नाही त्यांच्यासाठी गंमत. रशियन प्रशिक्षक कोंद्राशिन यांचं म्हणणं, आम्ही टाइम आउट मागितला होता, टेबलावरच्या लोकांनी तो दिला नाही. चेंडू खेळात आला, गोंधळ झाला, एक सेकंद बाकी असताना खेळ थांबवला. तेवढ्यात प्रेक्षकांतून एक गृहस्थ खाली आले. विल्यम जोन्स. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे महासचिव, त्या जगातले फार मोठे गृहस्थ. त्यांनी तीन बोटं वर केली. घड्याळ तीन सेकंदांवर परत न्या! नियमांप्रमाणे चालू सामन्यात असा हुकूम द्यायचा अधिकार त्यांना नव्हता. पण मोठ्या माणसाने बोटं वर केली की अधिकार कोण विचारतो?

दुसऱ्यांदा चेंडू टाकला. घड्याळ अजून नीट लावून झालंच नव्हतं. भोंगा वाजला, पास चुकला, अमेरिकन पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून नाचायला लागली. त्यांना सांगितलं, थांबा, घड्याळ लागलं नव्हतं, परत. तिसऱ्यांदा इव्हान येदेश्को नावाच्या खेळाडूने मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चेंडू फेकला. तिकडे अलेक्झांडर बेलोव्हने तो उडी मारून पकडला, अडवायला आलेले दोघे अमेरिकन भुईवर पडले, आणि त्याने शांतपणे चेंडू बास्केटमध्ये ठेवला. ५१-५०. सामना संपला, आता खरोखर संपला.

अमेरिकेने तक्रार केली. पाच जणांच्या समितीने तीन विरुद्ध दोन मतांनी ती फेटाळली. क्युबा, पोलंड, हंगेरी एका बाजूला, इटली आणि पोर्टोरिको दुसऱ्या. शीतयुद्धाचे दिवस, कोण कुठे बसला ते बघून ज्याने त्याने समजायचं ते समजावं. अमेरिकन पोरांनी रौप्यपदकं घेतली नाहीत. बक्षीस समारंभाला गेलीच नाहीत. पन्नास वर्षं उलटून गेली, तरी नाही. त्यांचा कप्तान केनी डेव्हिस याने तर मृत्युपत्रात लिहून ठेवलं, माझ्या मागेही बायकोमुलांनी ते पदक घ्यायचं नाही.

हे सगळं दाखवून झाल्यावर नातवाने विचारलं, "आजोबा, तिथे घड्याळापाशी तुम्ही असता तर काय केलं असतंत?"

मी म्हटलं, झोप आता, उशीर झाला.

तो झोपला. मी बसून राहिलो. कारण घड्याळापाशी मी होतो. म्युनिकला नाही, इथेच.

१९८० नंतरची गोष्ट आहे. साल नेमकं सांगत नाही आणि शाळेचं नावही घेत नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून आहेत आणि चूक बरीचशी माझी आहे. आमच्या शाळेत पी.टी.चे सर सैन्यातून आलेले. त्यांना बास्केटबॉलचं वेड. मुरूम टाकून, चोपून मैदान केलं, गावातल्या लोहाराकडून कडी करून घेतली, फळ्या सुताराने दिल्या. जवळपासच्या आणखी दोनतीन शाळांनी आमचं बघून मैदानं केली. त्या शाळांच्याच स्पर्धा भरवल्या आणि अंतिम सामना आमच्या मैदानावर आला. आम्ही विरुद्ध एक शेजारची शाळा. पंच तिसऱ्या शाळेचे. वेळ घ्यायला कोण? मी मराठी शिकवणारा माणूस, पण हिशेबाला आणि वक्तशीरपणाला पक्का म्हणून मला बसवलं. स्टॉपवॉच शाळेत नव्हतं. ते मी गावातल्या घाटावरच्या घड्याळवाल्या बाबांकडून मागून आणलं. देताना ते म्हणाले होते, "गुरुजी, दाबताना कुणाच्या तोंडाकडं बघू नका." मला ते बटण कसं दाबायचं याबद्दल सांगतायत असंच वाटलं होतं.

शेवटी समोरची शाळा २३-२२ अशी पुढे. चार सेकंद राहिले होते, चेंडू आमच्या पोरांकडे. टाकला, पण कडेला लागून बाहेर. वेळ संपली. मी हात वर केला, पंचांनी शिट्टी वाजवली, ती पोरं उड्या मारायला लागली.

आणि खुर्च्यांच्या पहिल्या रांगेतून एक पाहुणे उठून मैदानात आले. शाळेच्या दोन नव्या खोल्यांचे पत्रे ते देणार होते, आणि हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. म्हणाले, "शिट्टी लवकर झाली. पोरांना परत टाकू द्या." पंच माझ्याकडे बघायला लागले. हेडमास्तरही माझ्याकडे बघायला लागले. शिट्टी लवकर झाली नव्हती. हे त्या मैदानावर एकच माणूस खात्रीने सांगू शकत होता, कारण घड्याळ त्याच्या हातात होतं.

मी म्हणालो, "असेल. एखादा सेकंद इकडेतिकडे झाला असेल." आणि पुन्हा चार सेकंद द्यायला तयार झालो.

दुसऱ्या वेळी चेंडू आत गेला. २४-२३. कागदावर मी सही केली, खोल्यांवर पत्रे पडले.

इथेच संपतं तर ही फक्त एका भित्र्या मास्तरची गोष्ट झाली असती. पण पुढचं जास्त वाईट आहे. बक्षीस समारंभात त्या शाळेचा कप्तान उपविजेत्यांची ढाल घ्यायला उठेना. दहावीतलं पोर, खाली मान घालून बसून राहिलं. त्याची समजूत घालायला कुणाला पाठवलं? मलाच. मराठीचा शिक्षक ना, शब्द बरे सापडतात. मी त्याच्या शेजारी बसलो, पाठीवर हात ठेवला आणि खिलाडूवृत्तीवर पाच मिनिटं बोललो. खेळात हारजीत चालायचीच, पंचाचा निर्णय शिरोधार्य मानायचा असतो, हार पचवतो तोच खरा खेळाडू. त्याने एकदा वर बघितलं, उठला आणि जाऊन ढाल घेतली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण.

म्हणून म्हणतो, झोप लागली नाही.

मला म्युनिकच्या बाबतीत न्याय करायचा नाही. उलट मला असं वाटतं की रशियनांची बाजू अगदीच खोटी नव्हती. टाइम आउट मागितला असेल आणि टेबलावरच्यांनी चुकवला असेल, तर तीन सेकंद त्यांना परत मिळायला हवेच होते. पण ते कुणी द्यायचे? ज्याचं ते काम आहे त्याने. वरून खाली उतरून आलेल्या माणसाने बरोबर निर्णय दिला तरी तो चुकीचाच, कारण उद्या तोच माणूस चुकीचा निर्णय द्यायलाही उतरणार. एकदा उतरायची वाट पडली की पडली. त्या सामन्याचे मुख्य पंच ब्राझीलचे रेनातो रिगेतो होते. त्यांनी स्कोअरशीटवर सही करायला नकार दिला. निकाल बदलला नाही, पदकं बदलली नाहीत. पण कागदावर एक जागा कोरी राहिली, आणि ती कोरी जागा मला त्या रात्रीत सगळ्यांत मोलाची वाटते. माझ्या कागदावर मात्र झोकदार सही आहे.

कुणी म्हणेल, अमेरिकनांचा हा हट्टीपणाच नाही का? रौप्यपदक काय कमी असतं? हरल्यावर मोठ्या मनाने घ्यावं. मी मास्तर असताना असंच म्हणालो असतो. त्यांचं सगळंच मला पटतं असंही नाही. मेल्यानंतरसुद्धा राग मृत्युपत्रातून चालवायचा, हे मला झेपत नाही. पण आता एक प्रश्न पडतो. खिलाडूवृत्तीचं हे व्याख्यान आपण नेहमी हरणाऱ्यालाच का देतो? खुर्चीतून उठून मैदानात येणाऱ्या पाहुण्याला कुणी सांगतं का, की साहेब, खिलाडूवृत्ती दाखवा, बसून घ्या? घड्याळवाल्याला कुणी सांगतं का? ज्याच्यावर अन्याय होतो त्यालाच मोठं मन ठेवायला सांगायचं आणि ज्याने केला त्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या, ही रीत फक्त मैदानावरची नाही हे तुम्हालाही माहीत आहे. वाटणीत फसलेल्या भावाला आपण हेच सांगतो. मार्कांत डावललेल्या पोराला हेच सांगतो. 'जाऊ दे, मोठा हो' हे वाक्य आपल्या घराघरात किती वेळा आणि कुणाला म्हटलं जातं, ते जरा आठवून बघा.

आणि जिंकणाऱ्याचं तरी आपण कुठे भलं करतो? येदेश्कोचा तो पास काय अप्रतिम होता! बेलोव्हची उडी काय होती! पण पन्नास वर्षं जग बोलतं ते त्या तीन बोटांबद्दल. बेलोव्ह तर १९७८ मध्ये, अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेला. निर्मळ विजय त्याच्या वाट्याला आलाच नाही, आणि त्यात त्याचा काय दोष? आमच्या शाळेची ती विजेत्यांची ढाल ऑफिसातल्या कपाटात बरीच वर्षं होती. बाकीच्या ढाली दाखवताना पोरं सांगायची, ही अमक्या साली, ही तमक्या साली. त्या ढालीपाशी आली की पुढे सरकायची. पोरांना सगळं कळतं.

खेळ आता बदलला आहे, हे चांगलं झालं. नातू सांगत होता, शेवटच्या मिनिटात घड्याळ सेकंदाचा दहावा भागसुद्धा दाखवतं, शंका आली तर मोठ्या स्पर्धांत पंच व्हिडिओ बघून ठरवतात. त्यानेच सांगितलं की २०१७ च्या जुलैमध्ये बंगळुरूला महिलांच्या आशिया चषकाच्या ब गटाचा अंतिम सामना भारताच्या मुलींनी जिंकला, कझाकस्तानविरुद्ध ७५-७३. आपल्या पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. दोनच गुणांचा फरक! तरी तो विजय कसा स्वच्छ, कुणाला त्यावर बोट ठेवता येणार नाही. त्या कझाक मुलींनाही कुणाला व्याख्यान द्यावं लागलं नसणार. सरळ हरलेला माणूस आपणहून हात मिळवतो, हे मी मैदानावर कितीदा पाहिलंय. समजूत घालावी लागते ती तिथे काहीतरी लपवायचं असतं म्हणून.

यंत्रं आली, पण बटणावर बोट माणसाचंच आहे. यंदाच्या घाटावर घड्याळ काही चुकलं नव्हतं.

सकाळी चहा पिताना नातवाला सगळं सांगितलं. काही न लपवता. मला वाटलं, आजोबा मनातून उतरणार. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग त्या कप्तानाला सांगितलंत का?"

नव्हतं सांगितलं. तो कप्तान आता पन्नाशी ओलांडलेला शेतकरी आहे. आठदहा वर्षांपूर्वी एका लग्नात भेटला होता. पाया पडला, ओळख दिली. बोलता बोलता म्हणाला, "सर, हरल्याचं काय नाय वो. पण तुम्ही समजूत घालायला आला, ते डोक्यातून जात नाय." मी हसून विषय बदलला होता. तेव्हाही घड्याळ मागे घेतलंच म्हणायचं.

गेल्या आठवड्यात मंचरच्या मार्केट यार्डात तो कांदा घेऊन आला होता. मी मुद्दाम गेलो. गोण्यांच्या थप्पीशेजारी उभं राहून त्याला म्हणालो, "वेळ संपली होती. शिट्टी बरोबर होती. सामना तुमचा होता आणि मला तेव्हाच माहीत होतं."

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "चला सर, चहा घेऊ." चहा घेतला. कांद्याच्या भावावर बोललो, पावसावर बोललो. निघताना तो म्हणाला, "बाकीच्या पोरांनाबी सांगतो सर. दोघं आता नाहीत. पण बाकीच्यांना सांगतो."